गच्चीवरचा तेजोमेघ



गिरगावातून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. पत्र कसलं, तक्रारच म्हणा ना! तिच्या मामाने दुर्बीण आणली. दोघांनी मिळून मृग नक्षत्रातला प्रसिद्ध तेजोमेघ शोधून काढला. आणि दिसलं काय, तर फळ्यावरचा खडू हाताने पुसल्यावर मागे राहतो तसला एक पांढुरका डाग! इंटरनेटवर तर हाच तेजोमेघ लाल-जांभळा, पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा दिसतो. शेवटी बाईसाहेब विचारतात, "बाई, खरं सांगा, ते फोटो खोटे असतात का?"

नाही गं, खोटे नसतात. पण तुझा राग मला अगदी कळतो. कारण गेल्या हिवाळ्यात मी स्वतः हाच राग गिळला आहे, आणि तोसुद्धा एकदा नव्हे, चांगला चार-पाचदा. तेव्हा आज त्याचीच गोष्ट सांगते.

माझं सासर गिरगावात, शाळा परळला आणि माहेर लालबागला. माहेरची आमची चाळ जुनी, तीन मजली, वर सिमेंटची मोठी गच्ची. पापड-कुरडया वाळवायच्या, पतंग उडवायचे, कोजागिरीला दूध आटवायचं, परीक्षा जवळ आली की एका कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायचं, सगळं त्याच गच्चीवर. मी डीएडचा अभ्यासही तिथेच केला. दिवाळीच्या आधी चाळीच्या बैठकीत ठरलं की इमारत पाडून नवीन बांधायची, आणि एप्रिलच्या आत सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्या. म्हणजे गच्चीचा हा शेवटचा हिवाळा. माझा भाचा नववीत आहे. आकाशाचं वेड त्याला माझ्यापेक्षा जास्त. तो म्हणाला, "आत्या, ही गच्ची जायच्या आत इथून मृगाच्या तेजोमेघाचा फोटो काढायचाच. नंतर कुठे जाणार आहोत आपण, काय माहीत."

दुर्बीण होती. एक कॉलेजचा मुलगा परदेशी शिकायला चालला होता, त्याची वापरलेली दुर्बीण मी भिशीच्या पैशांतून घेतली होती. १३० मिलीमीटर व्यासाचा आरसा, ६५० मिलीमीटर नाभीय अंतर, तीन पायांचं स्टँड आणि एक छोटी बॅटरीवर चालणारी मोटार. (दुर्बीण घेतली तेव्हा आमच्याकडे काय बोलणी झाली, ते इथे लिहीत नाही!)

आता हा तेजोमेघ आहे तरी कुठे? जानेवारीत रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. बरंच वर, चार तेजस्वी ताऱ्यांचा एक मोठा चौकोन दिसेल. हे मृगाचे चार पाय. चौकोनाच्या मध्ये एका ओळीत तीन तारे, म्हणजे व्याधाने मारलेला बाण. त्या बाणाच्या खाली आणखी तीन बारीक तारे उभ्या ओळीत आहेत. त्यांतला मधला जरा पुसट वाटतो ना? तो एकटा तारा नाहीच. तोच आपला तेजोमेघ. वायू आणि धुळीचा प्रचंड ढग, आणि त्याच्या पोटात नवे तारे जन्माला येताहेत. तो आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे आज रात्री आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा घारापुरीची लेणी कोरून झालेली होती, पण वेरूळच्या कैलास लेण्याला अजून हात लागायचा होता.

आणखी एक गंमत सांगू? पुसट कडा धरल्या तर हा तेजोमेघ आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळजवळ दुप्पट रुंद आहे. म्हणजे तो लहान आहे म्हणून दिसत नाही असं नाही. तो अंधूक आहे म्हणून दिसत नाही. हा फरक कळायला मला बरेच दिवस लागले. तोवर मी आपली भिंग बदलून बदलून तो आणखी मोठा करत होते, आणि तो आणखी अंधूक होत होता!

आता गिरगावच्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. आपल्या डोळ्याचा पडदा प्रकाश साठवून ठेवत नाही. क्षणभरात जेवढा मिळेल तेवढ्यावर चित्र बनवतो आणि पुढच्या क्षणी पाटी कोरी. शिवाय फार कमी उजेडात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. म्हणून अंधारात लाल साडीसुद्धा करडी दिसते. कॅमेऱ्याचं तसं नाही. तो नळाखाली लावलेल्या बादलीसारखा आहे. धार बारीक असली तरी बादली हळूहळू भरतेच. आपल्या चाळीत राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

ही बादलीची युक्ती पहिल्यांदा या तेजोमेघावरच चालवली गेली. ३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेतल्या हेन्री ड्रेपर नावाच्या डॉक्टरने ५१ मिनिटं काच उघडी ठेवून मृगाच्या तेजोमेघाचा पहिला फोटो काढला. तीन वर्षांनी, १८८३ मध्ये, लंडनजवळच्या ईलिंगमध्ये अँड्र्यू कॉमन याने आपल्या बागेत ठेवलेल्या ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून त्याहून सरस फोटो काढला. हा कॉमन पोटासाठी काय करायचा ठाऊक आहे? सांडपाण्याच्या गटारांचा इंजिनियर होता! त्याच्या फोटोत असे तारे उमटले जे त्याच दुर्बिणीतून डोळ्यांना दिसत नव्हते. तोवर खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीला डोळा लावून पेन्सिलीने चित्रं काढायचे. या फोटोनंतर पेन्सिल मागे पडली.

आणि आपल्या मुंबईचं काय? एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले आणि तिथेच शिकवणारे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांकडून आणि सरकारकडून पैसे मिळवून पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभारली. तिथल्या २० इंची दुर्बिणीइतकी मोठी दुर्बीण तेव्हा भारतात दुसरी नव्हती. १८९१ मध्ये त्यांचा जो निबंध छापून आला, तो याच मृगाच्या तेजोमेघाच्या प्रकाशाबद्दल होता. पुढे २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला ते सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला सामानसुमान घेऊन गेले आणि तिथे त्यांनी ग्रहणाचे फोटो घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. मुंबईत त्यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. मला याचं जरा वाईट वाटतं, म्हणून एवढं लिहिलं.

असो. आमच्या गच्चीवर येऊ या.

पहिला प्रयत्न मोबाइलचा. दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल टेकवला आणि टिपलं. चंद्र छान आला! चंद्र नेहमी छानच येतो, तो कुणालाच नाउमेद करत नाही. तुम्हीही सुरुवात चंद्रापासूनच करा. पण तेजोमेघाच्या वेळी काळ्या पडद्यावर दोन ठिपके आणि भाच्याच्या अंगठ्याची सावली, एवढंच आलं.

मग खरा कॅमेरा हवा. तळमजल्यावरचे काका लग्नमुंजीचे फोटो काढतात. त्यांच्याकडे डीएसएलआर आहे. आता पोटापाण्याचा कॅमेरा कोण देईल? पण पौष महिना आमच्या मदतीला धावून आला. पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात ना! काका म्हणाले, "संक्रांतीच्या पुढेमागे आठ दिवस कॅमेरा तुमचा. पडला तर मात्र माझं लग्न लावावं लागेल तुम्हाला." फोर्टातल्या बोरा बाजारातून कॅमेरा दुर्बिणीला जोडायची एक धातूची कडी आणली. कॅमेऱ्याचं भिंग काढायचं, ती कडी बसवायची आणि दुर्बीणच कॅमेऱ्याचं भिंग करून टाकायची.

बसवली. चंद्राकडे रोखली. चंद्र धूसर. फोकसचं चाक फिरवत फिरवत नळी पार आत नेली. अजून धूसर. चाक संपलं, नळी संपली, चंद्र आपला पिठाच्या गोळ्यासारखा! भाचा रडकुंडीला आला. मला वाटलं, दुर्बीण बिघडलेलीच घेतली.

बिघडलेली नव्हती. अशा छोट्या आरशाच्या दुर्बिणी डोळ्याने बघण्यासाठी बनवलेल्या असतात. त्यांचं चित्र नळीच्या तोंडाजवळ तयार होतं. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र त्याच्या पोटात साडेचार-पाच सेंटीमीटर आत बसलेला असतो. चित्र तिथवर पोचतच नाही. आमचं दोन-अडीच सेंटीमीटर कमी पडत होतं. उपाय एकच, खालचा मोठा आरसा तेवढा वर सरकवायचा.

दुर्बीण उघडायची? माझी छाती होईना. पण माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. गिरणी बंद होऊन वीस वर्षं उलटली, तरी हत्यारांची पेटी अजून खाटेखाली आहे आणि तिला दसऱ्याला फूल वाहिलं जातं. आमच्या या उद्योगाकडे ते इतके दिवस लांबूनच बघत होते. त्या रात्री चष्मा लावून त्यांनी दुर्बिणीच्या बुडाचे स्क्रू पाहिले आणि म्हणाले, "एवढंच ना? लांब बोल्ट लागतील. आणि जरा कडक स्प्रिंगा." दुसऱ्या दिवशी नागदेवीच्या बाजारात जाऊन स्वतः घेऊन आले. जेवणाच्या ताटाखाली घालतात तसला जाड कागद जमिनीवर पसरून त्यांनी आरसा बाहेर काढला. आरशाच्या तोंडाला कुणी बोट लावायचं नाही, अशी आम्हाला सक्त ताकीद! खिळेमोळे, वॉशर, सगळं एका वाटीत. तासाभरात आरसा वर सरकून बसला. मग दोन्ही आरसे एका रेषेत आणायचे, तेही त्यांनी एका डब्याच्या झाकणाला मधोमध भोक पाडून त्यातून बघत बघत केलं. मला इतक्या वर्षांत अण्णांना कामावर बघायचा योग आला नव्हता. मी लहान होते तेव्हा ते डबा घेऊन जायचे आणि संध्याकाळी यायचे, एवढंच मला माहीत.

चंद्र स्वच्छ आला. खड्डे, डोंगर, सगळं.

आता तेजोमेघ. पाच सेकंद कॅमेरा उघडा ठेवला, तर तारे ठिपके न येता रेघा आल्या! कारण पृथ्वी फिरते. भूगोलात आपण हे पाठ करतो आणि विसरतो, पण दुर्बीण विसरू देत नाही. आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे दोन मिनिटांत एका चंद्राएवढं. डोळ्यांना ते जाणवत नाही. पण आमच्या कॅमेऱ्यात एका सेकंदात तारा बारा-एक पिक्सेल पुढे जात होता. मग पाच सेकंदांत रेघ येईल नाही तर काय!

यासाठीच ती छोटी मोटार असते. ती दुर्बिणीला पृथ्वीच्या उलट दिशेने हळूहळू फिरवते. पण तिचा एक हट्ट आहे. जिच्याभोवती दुर्बीण फिरते ती दांडी बरोबर ध्रुवाकडे रोखलेली हवी. पुस्तकात सोपं लिहिलं होतं, ध्रुवताऱ्याकडे बघा आणि दांडी तिकडे वळवा. मित्रांनो, आमच्या गच्चीवरून उत्तरेला काय दिसतं? पन्नास-साठ मजली टॉवर! मुंबईत ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त १९ अंश वर असतो. तो टॉवरच्या कितव्या मजल्यामागे लपला होता, कोण जाणे. होकायंत्र आणलं, तर ते गच्चीच्या एका कोपऱ्यात एक उत्तर दाखवी आणि टाकीजवळ दुसरी. स्लॅबमधल्या लोखंडी सळ्यांचा प्रताप.

इथे मात्र मास्तरीण कामाला आली! चौथीच्या मुलांना सावली शिकवताना आम्ही मैदानात काठी रोवतो. तेच गच्चीवर केलं. रविवारी सकाळी एक काठी ओळंबा लावून सरळ उभी केली. तिच्याभोवती दोरीने खडूचं वर्तुळ काढलं. सावलीचं टोक सकाळी वर्तुळाला जिथे टेकलं तिथे खूण केली. सावली आखडत आखडत वर्तुळाच्या आत गेली आणि दुपारनंतर लांब होत पुन्हा वर्तुळाला टेकली, तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणांच्या बरोबर मधल्या बिंदूपासून काठीच्या बुडापर्यंत रेघ मारली. झाली उत्तर-दक्षिण रेषा! ही युक्ती शुल्बसूत्रांच्या काळापासून आपल्याकडे आहे. आणि गंमत बघा, सावली सगळ्यांत आखूड झाली ती बारा वाजता नव्हे, पावणेएकच्या सुमारास. मुंबई प्रमाणवेळेच्या रेषेच्या बरीच पश्चिमेला आहे ना! म्हणूनच पूर्वी मुंबईला स्वतःची वेगळी वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. अण्णांनी ती खडूची रेघ पाहिली आणि संध्याकाळी ऑइलपेंटने पक्की करून टाकली. टोकाला बाण आणि 'उ'.

दांडी १९ अंशांवर तिरकी करायला शाळेतला मोठा लाकडी कोनमापक नेला. तिथेही भांडण! तोल सांभाळायचं वजन ज्या दांड्यावर असतं, तो दांडा स्टँडच्या पायाला अडायला लागला. बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लंडन असावं. तिथे ध्रुवतारा ५१ अंशांवर असतो. एक पाय थोडा फिरवून जमवलं.

फोकस अगदी अचूक हवा म्हणून पुठ्ठ्याची एक जाळी कापली. पावेल बाख्तिनोव या रशियन हौशी आकाशनिरीक्षकाने २००५ च्या सुमारास ही युक्ती काढली. तिरप्या-आडव्या फटींचा पुठ्ठा दुर्बिणीच्या तोंडावर ठेवला की तेजस्वी ताऱ्याला तीन रेघांचं चांदणीसारखं चित्र फुटतं. मधली रेघ बाकी दोघींच्या बरोबर मध्ये आली की फोकस झाला. पुठ्ठा काढायला विसरायचं नाही! (आम्ही विसरलो होतो.)

पौष अमावास्येच्या आदल्या रात्री सगळं जमून आलं. चंद्राचा त्रास नाही. समुद्राकडून थोडा वारा होता, त्यामुळे धूर-धुळीचा थर जरा हलला होता. पंधरा सेकंदांचा पहिला फोटो काढला. तारे टाचणीच्या टोकासारखे! पण आकाश? राखाडी, जवळजवळ पांढरं. मुंबईचे दिवे, शेजारच्या बांधकामाचे झोत, सगळा उजेड हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर आपटून परत खाली येतो. त्यात मधोमध एक फिकट धब्बा. तुझ्या खडूच्या डागासारखाच, गिरगावच्या मैत्रिणी! जास्त वेळ उघडा ठेवावा, तर सगळी चौकटच पांढरी होई. बादलीत तेजोमेघाच्या आधी रस्त्यावरच्या दिव्यांचंच पाणी भरत होतं.

भाच्याचा मित्र गच्चीवर आला होता. तो म्हणाला, "अरे, एवढं कशाला? डाउनलोड कर आणि खाली नाव टाक. शाळेच्या प्रदर्शनात कोण तपासतंय?" भाचा काही बोलला नाही. पण त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, यावरून मी समजले की विचार त्याच्याही मनात येऊन गेला आहे. मीही काही बोलले नाही. काय बोलणार? मला स्वतःला तेव्हा खात्री नव्हती की यातून काही निघेल.

आता इथे गणित येतं, पण पळू नका. परळ स्टेशनवर गर्दीच्या वेळी घोषणा होते. एकदा ऐकली तर काही कळतं का? एकदा 'जलद' ऐकू येतं, एकदा 'क्रमांक', एकदा नुसतंच कुणाचं तरी ओरडणं. पण तीच घोषणा पन्नास वेळा ऐकली तर? गोंगाट दर वेळी वेगळा असतो, घोषणा दर वेळी तीच. एकावर एक ठेवली की गोंगाट एकमेकांत विरतो आणि घोषणा उरते. फोटोंचं तसंच. एकच लांब फोटो काढण्याऐवजी पुष्कळ छोटे काढायचे आणि संगणकाला त्यांची सरासरी काढायला सांगायची. १६ फोटो घेतले तर दाणेदार कचरा चौपट कमी होतो, ६४ घेतले तर आठपट. हे वर्गमूळाचं गणित आहे. रस्त्यावरच्या दिव्यांची राखाडी झाक सगळ्या फोटोंत सारखीच असते, तेव्हा ती नंतर वजा करता येते. शिवाय झाकण लावून तेवढ्याच वेळाचे काही काळे फोटोही काढायचे. कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग त्यांत सापडतात, तेही वजा. ही कामं करणारे डीप स्काय स्टॅकर, सिरिल असे प्रोग्रॅम फुकट मिळतात.

आम्ही त्या रात्री १२० फोटो काढले. कधी खालच्या मजल्यावरची मुलं जिन्यावरून धावली, कधी टाकीचा पंप सुरू झाला, की तारे थरथरत. अण्णा पंपाशी जाऊन बसले आणि त्यांनी चाळीतल्या लोकांना हातानेच गप्प करायला सुरुवात केली. इतक्या लोकांना चाळीत अर्धा तास गप्प बसलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांना काय चाललंय ते नीट माहीतही नव्हतं. एक आजी म्हणाल्या, "शांत राहा, ते वर काहीतरी मोजताहेत."

१२० मधून हललेले, विमान मध्ये आलेले असे काढून टाकले. उरले बरोबर ६४. भाच्याच्या बाबांच्या जुन्या लॅपटॉपने पाऊण तास घुरघुर केली. आधी पडद्यावर काळपट चौकट आली. मग भाच्याने उजेडाची पट्टी हळूहळू सरकवली, आणि पंख निघाले! एक इकडे, एक तिकडे, मध्ये काळोखाची एक चोच घुसलेली. रंग लालभडक नव्हता, फिकट गुलाबी, धुतलेल्या गुलालासारखा. (साध्या कॅमेऱ्यात एक गाळणी असते. तेजोमेघातल्या हायड्रोजनचा बराचसा लाल रंग ती अडवते.) मधोमध जे चार तरुण तारे सगळा ढग उजळवतात, ते मात्र एका पांढऱ्या गोळ्यात बुडून गेले. तिथे फार उजेड आहे, त्यासाठी एक-दोन सेकंदांचे वेगळे फोटो घ्यायला हवे होते. ते आम्हाला नंतर कळलं. एका कोपऱ्यात तारे जरा लांबटलेही आहेत.

पुढे एकदा कर्जतच्या वाटेवर वांगणीलाही दुर्बीण नेली. खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम तिथे वर्षानुवर्षं होत आले आहेत. तिथल्या अंधारात तीच दुर्बीण, तोच कॅमेरा, आणि वीस फोटोंतच लालबागच्या ६४ फोटोंहून जास्त निघालं. पहाटे दवाने सगळं ओलं झालं ते वेगळं. तुम्हाला जायचं असेल तर मोठ्या माणसांबरोबर जा, दोन स्वेटर न्या. घरी गच्चीवर जातानाही कठडा आहे ना ते बघा, आणि दिवसा दुर्बीण सूर्याकडे कधी म्हणजे कधीच वळवू नका. डोळा जातो आणि पुन्हा येत नाही. आणि वरळीचं नेहरू तारांगण अजून पाहिलं नसेल तर आधी ते बघा. १९७७ पासून ते आपल्या शेजारी आहे.

प्रदर्शनात भाच्याने वांगणीचा नाही, लालबागचाच फोटो लावला. शेजारी ६४ मधला एक मूळ राखाडी फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'हा एक. आणि हे चौसष्ट.' बक्षीस मिळालं नाही. पवनचक्कीला मिळालं, ती खरोखरच फिरत होती.

मार्चमध्ये आम्ही सगळे भाड्याची नवी खोली बघायला गेलो. अकरावा मजला. गच्चीला कुलूप, वर जायची परवानगी नाही. वहिनी स्वयंपाकघराचा ओटा बघत होती, भाऊ नळ उघडून पाण्याचा जोर बघत होता. भाचा होकायंत्र घेऊन एकुलत्या एका मोठ्या खिडकीशी उभा. म्हणाला, "आत्या, पश्चिम आहे. एप्रिलमध्ये संध्याकाळी मृग इकडेच उतरतो ना?"

"उतरतो," मी म्हटलं.

अण्णा एव्हाना खिशातली फूटपट्टी काढून खिडकीच्या ग्रिलमधलं अंतर मोजायला लागले होते.